इंडेक्स फंड, पीपीएफ, सोने आणि एफडी: कमी देखभालीच्या बचतीचे परीक्षण

परीक्षण सहसा एका वस्तूचे लिहिले जाते. येथे ते चार वस्तूंच्या एकत्र मांडणीचे आहे, कारण त्यांतली कोणतीही एक सुटी घेऊन तोलली तर तिच्यात ठळक उणीव निघते आणि ती उणीव दुसरी भरून काढते. निफ्टी ५० चा (शेअर बाजारातल्या ५० मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाचा) इंडेक्स फंड, पीपीएफ (सरकारी भविष्य निर्वाह निधीचे खाते), सोन्याचा फंड आणि बँकेतली साधी मुदत ठेव (एफडी), एवढ्या चार ठिकाणी आमच्या घरची दीर्घ मुदतीची बचत आहे. आम्ही नवरा-बायको दोघेही पगारदार, वय चाळिशीच्या आसपास, निवृत्तीला अजून बरीच वर्षे आहेत. त्यामुळे हे लिखाण तशाच कुटुंबांच्या उपयोगाचे आहे, रोज बाजार पाहणाऱ्यांच्या नव्हे. परताव्याचे तक्ते कुठेही मिळतात आणि ते नेहमी सरलेल्या वर्षांचे असतात, म्हणून त्यांच्यावर भर दिलेला नाही. कसोटी एकच लावली आहे: ही वस्तू वर्षभरात आपल्याकडून किती काम करून घेते, आणि ते काम राहून गेले तर किती नुकसान करते.

नागपुरात ही कसोटी लावण्याला विशेष कारण आहे. आपल्याकडे कोणी ‘पैसे गुंतवले’ असे म्हणाले की समोरचा लगेच ‘कुठे घेतला?’ असे विचारतो, कारण गुंतवणूक म्हणजे प्लॉट हे गृहीतच असते. विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पाची चर्चा सुरू झाल्यापासून वर्धा रोड, बेसा, जामठा, बुटीबोरी या पट्ट्यात किती लेआउट पडले याची गणतीच नाही, आणि ‘प्लॉट कुठं पळून चालला का, भाऊ?’ या एका वाक्यावर आजही सौदे होतात. प्लॉट पळून जात नाही हे खरे, पण तो मालकाला स्वस्थही बसू देत नाही. सातबारा आणि अकृषक परवानगी पाहणे, नागपूर सुधार प्रन्यासचे (नासुप्र) आर.एल. लेटर, म्हणजे प्लॉटच्या मंजुरीचे पत्र, आहे की नुसतेच ‘होऊन जाईल’ आहे याची खात्री करणे, मोजणी, कुंपण, कर, पावसाळ्यानंतर माजलेले गवत आणि शेजारच्या बांधकामाची आपल्या हद्दीत पडलेली गिट्टी, हे सगळे मे महिन्याच्या उन्हात प्रत्यक्ष जाऊन पाहावे लागते. शिवाय अडीअडचणीला प्लॉटचा तुकडा मोडता येत नाही. विकायचा तर सगळा, आणि तोही ग्राहक येईल तेव्हा. प्लॉटमध्ये ज्यांचे भले झाले असे अनेक जण माझ्या ओळखीत आहेत आणि त्यांचे यश मी नाकारत नाही. तरीही एका शहरातल्या एका रस्त्यावर सगळी बचत लावणे आणि वर तिची राखणही करणे, हे या कसोटीला उतरत नाही.

मांडणीतला सर्वांत मोठा वाटा, साधारण ६० टक्के, निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडाचा आहे, आणि देखभालीच्या दृष्टीने मला हीच वस्तू सर्वांत सरस वाटते. या फंडाचा व्यवस्थापक कंपन्या निवडत नाही. निर्देशांकात ज्या ५० कंपन्या ज्या प्रमाणात आहेत त्याच प्रमाणात तो त्या घेतो, आणि वर्षातून दोनदा निर्देशांकाचा आढावा होऊन एखादी कंपनी गेली-आली की फंडातही तोच बदल आपोआप होतो. व्यवस्थापक बदलला, त्याचा अंदाज चुकला, त्याची शैली यंदा चालली नाही, ही जी काळजी इतर फंडांत वर्षानुवर्षे वाहावी लागते ती येथे उरत नाही. आपल्याकडे हा प्रकार नवा नाही. यूटीआयचा निफ्टी इंडेक्स फंड २००० सालापासून चालू आहे. आता जवळपास प्रत्येक मोठ्या फंड कंपनीकडे असा फंड आहे आणि त्यांच्यात निवड करताना पाहायच्या गोष्टी दोनच: वार्षिक खर्चाचे प्रमाण, म्हणजे एक्स्पेन्स रेशो, आणि फंडाचा परतावा निर्देशांकाच्या एकूण परताव्यापेक्षा, म्हणजे लाभांश धरून येणाऱ्या परताव्यापेक्षा, किती मागे राहतो ते अंतर. नावाजलेला व्यवस्थापक, मिळालेली तारांकने, जाहिरातीतला अभिनेता, यांचा येथे काहीही संबंध नाही.

खर्चाबाबत थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण नागपुरात अजूनही बहुतेकांच्या हाती फंड येतो तो ओळखीच्या एजंटाकडून. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाला डायरेक्ट प्लॅन ठेवणे बंधनकारक झाले. त्यात वितरकाचे कमिशन नसते, रेग्युलर प्लॅनमध्ये असते आणि ते दरवर्षी आपल्या रकमेतून वजा होत राहते. वेगळे बिल येत नाही, म्हणून ते जाणवत नाही. कंपन्या निवडणाऱ्या, म्हणजे सक्रिय फंडाचा रेग्युलर प्लॅन आणि इंडेक्स फंडाचा डायरेक्ट प्लॅन यांच्या खर्चात एक टक्क्याहून अधिक अंतर असणे नित्याचे आहे. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, तेव्हा हिशेब मांडून पाहावा. दरमहा १०,००० रुपये २५ वर्षे भरले आणि वार्षिक ११ टक्के दर धरला तर सुमारे १ कोटी ५७ लाख होतात. १० टक्के धरला तर सुमारे १ कोटी ३२ लाख. दर केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत, ती कोणाची हमी नाही. पण आपण भरलेली मूळ रक्कम ३० लाख असताना एका टक्क्याने जवळपास २५ लाखांचा फरक पडतो, हे गणित कोणत्याही बाजारात बदलत नाही.

वितरकावर मात्र सरसकट टीका करणे मला योग्य वाटत नाही. जो माणूस घरी येऊन केवायसीचे काम करतो, बाजार पडला की ‘काकू, विकू नका’ असे सांगून थांबवतो आणि घरातला कर्ता गेल्यावर वारसांच्या नावे युनिट करून देण्यासाठी धावपळ करतो, तो कमिशन कमावतो असेच म्हणावे लागेल. प्रश्न आहे तो केवळ मार्च महिन्यात उगवणाऱ्यांचा. गुंतवणुकीवर आयकरात मिळणारी ८० सीची वजावट नव्या करप्रणालीत नाही, आणि २०२३-२४ पासून तीच आपोआप लागू होणारी प्रणाली झाली आहे, तरीही ‘टॅक्स वाचवायला काहीतरी घेऊन टाका’ म्हणत एन्डोवमेंट पॉलिसी, म्हणजे विमा आणि बचत एकत्र बांधलेली योजना, विकणे काही थांबलेले नाही. विमा हवा असेल तर निव्वळ मुदतीचा, म्हणजे टर्म विमा घ्यावा आणि तो गुंतवणुकीच्या हिशेबात धरू नये, या मतावर मी ठाम आहे.

इंडेक्स फंडातली एक उणीव विक्रेते सांगत नाहीत. ५० कंपन्या म्हटले की चौफेर विभागणी झाली असे वाटते, पण वरच्या दहा कंपन्यांचेच वजन निम्म्याहून अधिक असते आणि वित्तीय क्षेत्राचा वाटा सुमारे एक तृतीयांश असतो. बँकांना वाईट दिवस आले तर निफ्टीलाही येतात. यावर उपाय म्हणून अनेक जण चार-पाच लार्ज कॅप फंड घेतात, पण बाजार नियामक सेबीच्या २०१७ च्या वर्गवारीनुसार लार्ज कॅप फंडाला ८० टक्के रक्कम बाजारमूल्यात पहिल्या १०० क्रमांकांत असलेल्या कंपन्यांतच ठेवावी लागते. म्हणजे पाच फंडांत फिरून फिरून त्याच बँका, तेच रिलायन्स आणि त्याच आयटी कंपन्या येतात. पाच विवरणपत्रे मिळतात, विभागणी मिळत नाही. ज्यांना निफ्टीचा हा कल खुपतो त्यांनी निफ्टी नेक्स्ट ५० चा, म्हणजे त्यानंतरच्या ५० कंपन्यांच्या निर्देशांकाचा, एक छोटा वाटा जोडावा. आम्ही तो जोडलेला नाही, कारण पाचवे खाते नको होते.

दुसरी उणीव पडझडीची. जानेवारी २०२० च्या मध्याला निफ्टी १२,३०० च्या वर होता आणि २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला. दहा आठवड्यांत ३८ टक्के गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरपर्यंत तो पूर्वीच्या पातळीवर आला हे आज सांगणे सोपे आहे. २००८ ची पडझड भरून यायला कितीतरी जास्त वेळ लागला होता, आणि जपानच्या निक्केईला १९८९ चा उच्चांक पुन्हा गाठायला २०२४ उजाडावे लागले. त्यामुळे ‘लाँग टर्ममध्ये शेअर बाजार वाढतोच’ हे वाक्य मी वस्तूच्या गुणांत धरत नाही, आणि उरलेले ४० टक्के बाजाराबाहेर ठेवण्याचे कारणही तेच आहे.

त्यांतले २० टक्के पीपीएफमध्ये आहेत. १९६८ पासून चालत आलेली ही योजना नव्या पिढीला जुनाट वाटते, पण वर्षाकाठी एकदा पैसे भरणे यापलीकडे ती काहीच मागत नाही. किमान ५०० आणि कमाल दीड लाख रुपये वर्षाला, मुदत १५ वर्षांची, व्याज पूर्ण करमुक्त, आणि न्यायालयाच्या हुकूमनाम्याने कर्जापोटी या खात्यावर जप्ती येत नाही, हा गुण धंदेवाईक माणसांना फार मोलाचा आहे. एप्रिल २०२० मध्ये ७.१ टक्क्यांवर आलेला दर नंतर वर्षानुवर्षे तसाच राहिला. या दराने दरवर्षीच्या सुरुवातीला दीड लाख भरत गेल्यास १५ वर्षांत भरलेल्या साडेबावीस लाखांचे सुमारे ४० लाख ६८ हजार होतात.

‘सुरुवातीला’ या शब्दावर पीपीएफचा सगळा हिशेब अडतो. व्याज मोजले जाते ते महिन्याच्या ५ तारखेची अखेर आणि महिनाअखेर यांच्या दरम्यान खात्यात असलेल्या किमान शिलकेवर. ५ एप्रिलपर्यंत दीड लाख भरले तर त्या रकमेवर पूर्ण वर्षाचे १०,६५० रुपये मिळतात. तेच पैसे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, करबचतीच्या धांदलीत भरले तर त्या वर्षापुरते त्यांच्यावर काहीही मिळत नाही. आता ऑनलाइन भरणा होत असल्याने ही तारीख गाठणे अवघड नाही. दुसरी तारीख १५ वर्षांनी येते, आणि ती मात्र बहुतेकांच्या लक्षात नसते. मुदत मोजली जाते ती खाते उघडलेले आर्थिक वर्ष संपल्यापासून, म्हणजे जून २०१० मध्ये उघडलेले खाते १ एप्रिल २०२६ ला पिकते. त्यानंतर पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांनी भरणा चालू ठेवायचा असेल तर वर्षभराच्या आत तसा अर्ज द्यावा लागतो. अर्ज दिला नाही तर खाते चालू राहते, व्याजही मिळते, पण नवीन पैसे भरता येत नाहीत.

खाते पोस्टात उघडावे की बँकेत, याला माझे उत्तर बँक असे आहे, पण केवळ ऑनलाइन सोयीसाठी. सेवेच्या अनुभवाबद्दल सांगायचे तर शहरातल्या एका बँकेच्या शाखेत पीपीएफचा अर्ज मागितला असता काउंटरवरून मला आतल्या केबिनमध्ये पाठवण्यात आले, तिथे अर्जाऐवजी एका ‘गॅरंटीड’ योजनेचे गुळगुळीत पत्रक पुढे आले, आणि ‘सर, पीपीएफमध्ये आता काही राहिलं नाही’ असे सांगण्यात आले. पत्रकातल्या बारीक अक्षरांत ती विमा पॉलिसी निघाली. अर्ज शेवटी मिळाला, पण तो तिसऱ्यांदा मागितल्यावर. बँकेत जाताना आपल्याला काय हवे आहे ते ठरवून जावे आणि तेवढेच घेऊन बाहेर यावे.

पगारदारांनी येथे ईपीएफ, म्हणजे पगारातून कापला जाणारा भविष्य निर्वाह निधी, विसरू नये. मूळ पगाराच्या १२ टक्के कपात आणि मालकाचा वाटा मिळून ती रक्कम नकळत मोठी होते, २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी तिच्यावर ८.२५ टक्के व्याज जाहीर झाले होते, आणि स्वभावाने ती पीपीएफसारखीच सुरक्षित आहे. अनेक जण ईपीएफ बाजूला ठेवून उरलेल्या पैशांत प्रमाण ठरवतात आणि मग आपल्या शेअर बाजारातील वाट्याला घाबरतात. सगळे एकत्र मांडले तर तो वाटा बहुधा त्यांना वाटतो त्यापेक्षा बराच लहान निघतो.

सोन्याबाबत घरात मतभेद झाले आणि ते होणे स्वाभाविक होते. इतवारीच्या सराफा बाजारातून घेतलेला दागिना ही आमच्या दोन्ही घरांत गुंतवणूकच समजली जाते. एका पाटलीचे बिल समोर ठेवून मी पत्नीला हिशेब दाखवला: सोन्याच्या किमतीवर ३ टक्के जीएसटी, वर घडणावळ, घडणावळीवरही कर, आणि मोडायला नेले की घडणावळ शून्य, शिवाय घट. हॉलमार्किंग सक्तीचे झाल्यापासून शुद्धतेची फसवणूक कमी झाली आहे आणि दागिन्यावरचा सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, तपासता येतो, हे इतवारीच्या बाजूने नक्की सांगावे लागेल. पण दागिना अंगावर घालण्यासाठी घ्यावा आणि बचतीचे सोने कागदावर ठेवावे यावर अखेर आमचे एकमत झाले. सरकारी सुवर्ण रोखे हा त्यासाठी उत्तम प्रकार होता, वर अडीच टक्के व्याज मिळत असे. मात्र फेब्रुवारी २०२४ च्या मालिकेनंतर नवे रोखे आलेले नाहीत. उरतात गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा सोन्याचा फंड, आणि त्यातच पैसे लावणारा गोल्ड फंड. ईटीएफला डीमॅट खाते, म्हणजे शेअर ठेवण्याचे खाते, लागते आणि खर्च कमी असतो; गोल्ड फंडाला डीमॅट लागत नाही, एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक रकमेची गुंतवणूक, लावता येते, पण खर्चाचा एक थर वाढतो आणि दीर्घकालीन नफ्याच्या करसवलतीसाठी १२ ऐवजी २४ महिने थांबावे लागते. कमी देखभालीच्या निकषावर आम्ही गोल्ड फंड घेतला.

वाटा मात्र १० टक्क्यांच्या वर जाऊ दिलेला नाही. २०२५ मध्ये १० ग्रॅमचा भाव एक लाखाच्या पुढे गेला तेव्हा सगळीकडून सोने वाढवा असे सल्ले येत होते, आणि २०१२ ते २०१८ या काळात हाच भाव तीस हजारांच्या आसपास घुटमळत राहिला होता याची आठवण फार थोड्यांना होती. सोने व्याज देत नाही, लाभांश देत नाही. बाजार आणि रुपया दोन्ही एकदम घसरले तर आधाराला असावे, एवढ्याचसाठी ते या मांडणीत आहे.

शेवटचे १० टक्के मुदत ठेवीत आहेत आणि ते अडचणीसाठी राखलेल्या सहा महिन्यांच्या खर्चाव्यतिरिक्त आहेत. एफडीबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही: व्याजावर आपल्या टप्प्यानुसार कर लागतो, महागाई वजा जाता हाती थोडेच उरते, आणि तरीही ती लागते, कशी ते पुढे येईलच. एक सूचना मात्र विदर्भातल्या वाचकांना आवर्जून करतो. बँकेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत, मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत आहे, आणि सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्थेला हे संरक्षण लागू नाही. अध्यक्ष आपल्या ओळखीचे आहेत आणि व्याज एक-दीड टक्का जास्त आहे, या दोन कारणांसाठी आयुष्याची पुंजी पतसंस्थेत ठेवणारी माणसे मी पाहतो, तेव्हा बाजाराची जोखीम नको म्हणणारा माणूस किती मोठी जोखीम डोळे मिटून घेतो याचे आश्चर्य वाटते.

आता या मांडणीतले वर्षातले एकमेव खरे काम, म्हणजे समतोल पुन्हा साधणे. ते आम्ही एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, पीपीएफचा भरणा करतानाच उरकतो. फंडांची एकत्रित माहिती पॅनवर आधारित विवरणपत्रात ईमेलने येते. कोणत्याही कंपनीचे कितीही फंड असले तरी ते एकाच ठिकाणी दिसतात. त्यात पीपीएफ, ईपीएफ आणि एफडीचे आकडे मिळवायचे आणि टक्केवारी काढायची. नियम असा ठरवला आहे की कोणताही वाटा ठरलेल्या प्रमाणापासून पाच टक्के-अंकांपेक्षा जास्त सरकला तरच हात लावायचा. समजा दहा लाखांची सुरुवात आहे: सहा लाख इंडेक्स फंडात, तीन लाख पीपीएफ-एफडीत, एक लाख सोन्यात. वर्षात बाजार २५ टक्के वाढला तर सहाचे साडेसात लाख होतील, स्थिर भाग ३ लाख २० हजार आणि सोने १ लाख १० हजार धरले तर एकूण ११ लाख ८० हजारांत बाजाराचा वाटा साडेत्रेसष्ट टक्क्यांच्या आसपास येतो. सगळीकडे तेजीची चर्चा चालू असते, आणि नियम सांगतो की काहीही करू नका.

याउलट मार्च २०२० सारखे झाले तर सहा लाखांचे ३ लाख ७२ हजार होतात. स्थिर भाग ३ लाख ५ हजार आणि सोने १ लाख १० हजार धरले तर एकूण ७ लाख ८७ हजार राहतात आणि बाजाराचा वाटा ४७ टक्क्यांवर येतो. ६० टक्क्यांवर आणायला साधारण एक लाख रुपये बाजारात घालावे लागतील, तेही सगळे जण विकत असताना. हे एक लाख आणायचे कुठून? पीपीएफमधून ते निघत नाहीत. सातव्या आर्थिक वर्षापासून मर्यादित रक्कम काढता येते, तीही वर्षातून एकदा. कागदावर ३० टक्के स्थिर भाग असला आणि तो सगळा कुलूपबंद असला तर समतोल साधण्याचा सल्ला निरर्थक ठरतो. ‘साठ-तीस-दहा’चे तक्ते देणारे बहुतेक सल्लागार हा मुद्दा सोडून देतात. एफडीतले १० टक्के आहेत ते याचसाठी. उलट दिशेला, बाजाराचा वाटा फार वाढला तर विकण्याऐवजी नवी बचत एफडीत वळवून प्रमाण दुरुस्त करणे बरे, म्हणजे कराचा प्रश्न येत नाही; विकावेच लागले तर वर्षाहून जुन्या युनिटवरचा सव्वा लाखापर्यंतचा वार्षिक नफा करमुक्त आहे आणि त्यावर, २३ जुलै २०२४ पासून, साडेबारा टक्के कर आहे.

एवढाही खटाटोप नको असणाऱ्यांसाठी बाजारात तयार उत्तर आहे ते मल्टी ॲसेट फंडाचे. या प्रकारात किमान तीन मालमत्ता प्रकारांत प्रत्येकी किमान १० टक्के ठेवणे बंधनकारक असते आणि आतल्या आत होणाऱ्या खरेदी-विक्रीवर गुंतवणूकदाराला कर भरावा लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण प्रमाण ठरवणारा पुन्हा व्यवस्थापकच. एका कंपनीच्या फंडात सोने जेमतेम असते तर दुसरीच्या फंडात चांदीसह भरपूर, आणि खर्च इंडेक्स फंडाच्या कितीतरी पट. माझ्या मते जो माणूस एप्रिलमधला तो एक दिवसही देणार नाही, त्याने हाच घ्यावा. चार खाती उघडून ती वाऱ्यावर सोडण्यापेक्षा जास्त खर्चाचा एक फंड बरा.

परदेशी बाजाराचा वाटा घ्यावा का, हा प्रश्न अलीकडे तरुण सहकारी विचारतात. तत्त्वतः घ्यावा. पण फंडांच्या परदेशी गुंतवणुकीवर मर्यादा आहे, ती भरत आल्याने फेब्रुवारी २०२२ मध्ये नवी गुंतवणूक थांबवावी लागली होती आणि त्यानंतरही हे फंड कधी सुरू तर कधी बंद राहिले. ज्या वस्तूची एसआयपी मध्येच अडू शकते ती माझ्या कसोटीत मागे पडते, तेव्हा ती सध्या यादीबाहेर आहे.

कागदपत्रांचे काम वर्षातले नसून एकदाचे आहे, पण ते झाले नाही तर बाकी सगळे व्यर्थ जाते. चारही ठिकाणी नॉमिनी लावणे, नाव पॅन, आधार आणि बँकेत एकसारखे असणे, लग्नानंतर बदललेले आडनाव सगळीकडे दुरुस्त करणे, यात आमचे बरेच दिवस गेले. गुंतवणूकदारांच्या नोंदी ठेवणाऱ्या, म्हणजे फंडांच्या निबंधक असलेल्या कॅम्स आणि केफिनटेक या दोन्ही कंपन्यांची सेवाकेंद्रे नागपुरात आहेत, त्यामुळे ऑनलाइन अडकलेले काम समोर बसून सोडवता येते. फंड कंपनीच्या हेल्पलाइनपेक्षा मला हा मार्ग बरा वाटला. नॉमिनी हा रक्कम स्वीकारणारा असतो, मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते, हेही घरात स्पष्ट बोलून ठेवलेले बरे. आमच्याकडे एक कागद आहे, त्यावर फोलिओ (फंडातल्या खात्याचा) क्रमांक, पीपीएफची पिकण्याची तारीख, एफडीची शाखा आणि टर्म विम्याचा क्रमांक एवढेच लिहिले आहे. पासवर्ड त्यावर नाहीत.

साठीच्या पुढच्या किंवा पाच वर्षांत पैसे लागणार असलेल्या माणसांना ही मांडणी जशीच्या तशी चालणार नाही. मुलीचे शिक्षण तीन वर्षांवर आले असेल तर ती रक्कम इंडेक्स फंडात असता कामा नये. निवृत्तांसाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना आधी पाहावी: पाच वर्षांची मुदत, तीस लाखांपर्यंत ठेव, एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के दर आणि दर तिमाहीला हातात येणारे व्याज. त्यावर कर लागतो, पण दरमहाच्या खर्चाची घडी तिच्यावर बसते आणि उरलेल्यातून २०-२५ टक्क्यांपर्यंत बाजारात ठेवायला मग भीती वाटत नाही. माझ्या वडिलांनी याच क्रमाने केले, फक्त बेस्याचा प्लॉट मात्र त्यांनी अजून विकलेला नाही.